बार भरण्याचे सामान

आमच्या भागात बंदूक कोणी 'चालवत' नाही. बंदुकीचा बार भरतात आणि बार काढतात. या दोन कामांत काढणे सोपे. चाप ओढला, घोडा टोपीवर आपटला, आवाज झाला, संपले. अवघड काम भरण्याचे. दारू किती, छर्रे किती, बोळा किती घट्ट, याचा सगळा हिशेब भरणाऱ्याच्या हातात असतो आणि चुकले तर भोगणाराही तोच असतो. ठासणीची बंदूक कोकणातल्या हजारो शेतकऱ्यांनी वापरली. त्यांत कुणबी होते, मराठे होते, आणि आमच्यासारखी भातशेती करणारी मुसलमान घरेही होती. आमच्या वाडीत तीन घरांकडे परवाना होता. त्यांतले एक घर आमचे.

आम्ही पेशाने शिक्षक. उर्दू माध्यमाच्या हायस्कुलात इतिहास आणि विज्ञान शिकवतो. घरात कोकणी बोली, वर्गात उर्दू आणि कचेरीत मराठी असा आमचा रोजचा प्रवास आहे. दोन्ही भाऊ आखातात असतात. गावात राहिलो ते आम्हीच. त्यामुळे शेतीही आमच्याकडे आली आणि शेतीबरोबर अब्बांची बंदूक ठेवायची की नाही हा प्रश्नही आमच्याकडेच आला.

अब्बा २०२२ मध्ये वारले. परवाना त्यांच्या नावावर होता, म्हणून बंदूक लगेच पोलीस ठाण्यात जमा केली आणि पावती घेतली. घरी राहिली ती लाकडी पेटी. ही पेटी अब्बांनी त्यांच्या हयातीत आमच्या हाती कधी दिली नव्हती. उघडली तेव्हा तिच्यात फार काही नव्हते. दारू ठेवायचे म्हशीचे शिंग होते, तेही रिकामे, कारण उरलेली दारू बंदुकीबरोबरच जमा झाली होती. पितळेचे एक छोटे माप होते. टोप्यांची रिकामी डबी, नळी पुसायच्या चिंध्या, खोबरेल तेलाची बाटली आणि नारळाच्या काथ्याचे बोळे होते. गज बंदुकीबरोबर गेला होता. तो आम्हाला आठवत होता, कारण त्यावर अब्बांनी चाकूने दोन खुणा कोरल्या होत्या.

त्या दोन खुणांबद्दल आधी सांगितले पाहिजे. ठासणीची बंदूक तोंडाकडून भरतात. आधी मापाने दारू, मग बोळा, मग छर्रे, मग पुन्हा बोळा, आणि प्रत्येक थर गजाने ठासायचा. टोपी सर्वांत शेवटी, तीही शेताच्या बांधावर उभे राहिल्यावर. अडचण अशी की नळी भरलेली आहे की रिकामी, हे बाहेरून कळत नाही. रात्री पावसात, झोपेच्या तारेत, माणूस भरलेल्या नळीत पुन्हा बार भरतो. मग चाप ओढला की नळी फुटते आणि हात जातो. म्हणून गज नळीत सोडून पाहायचा. वरच्या खुणेपर्यंत उतरला तर नळी रिकामी. खालची खूण तोंडाशी थांबली तर बार भरलेला आहे आणि नीट बसलाही आहे. दोन्हींच्या मध्ये काही दिसले तर काहीतरी बिघडले आहे, पुढे जायचे नाही. काहीही खर्च न करता केलेले हे साधन होते. पेटीतल्या कुठल्याही वस्तूपेक्षा त्याची किंमत अधिक.

दुसरी गोष्ट पावसाची. आमच्याकडे भात पिकायला लागते तेव्हा पाऊस संपलेला नसतो. दारू सादळते. चाप ओढला तरी टोपी फक्त फटकन वाजते आणि आत काहीच होत नाही. अशा वेळी माणसाची पहिली ओढ नळीत डोकावण्याची असते. पण कधी कधी आत ठिणगी धुमसत असते आणि बार उशिरा उडतो. अब्बा बंदुकीचे तोंड डोंगराकडे धरून तशीच उभी ठेवत आणि आयतुल कुर्सी पढत. एकदा नव्हे, तीनदा. त्यात सवाब किती मिळाला ते अल्लाह जाणे, पण वेळ बरोबर मोजला जात असे.

बाहेरच्या वाचकाला प्रश्न पडेल की मुसलमानाने रानडुकरासाठी बंदूक ठेवायची म्हणजे काय? मारून करणार काय? वाडीतही हा विनोद जुना होता. पण अब्बांचा बार मारण्यासाठी नव्हताच. तो आवाजासाठी होता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे परवानगीशिवाय रानडुक्कर मारणे गुन्हा आहे आणि अब्बा कायद्याच्या बाबतीत फार कडक. मांगरात बसून ते रात्री दोन-तीन बार हवेत काढत. तेवढ्याने कळप दोन-चार दिवस लांब राही. शेजारचे तात्या पत्र्याचा डबा वाजवून हाकारा देत. डबा त्यांचा आणि बार आमचा, पण राखण दोघांच्याही शेताची होई. पीक निघाले की तात्यांच्या घरून नाचणीची पहिली पायली आमच्याकडे येई. हा व्यवहार कुठे लिहिलेला नव्हता, पण कोणी तो मोडलाही नाही.

कायद्यालाही ही बंदूक ठाऊक आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात कलम १३ मध्ये पिकाच्या संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. एवढ्या मोठ्या कायद्यात शेतकऱ्याच्या या जुनाट हत्यारासाठी एक ओळ राखून ठेवलेली आहे, याचे आम्हाला नेहमी बरे वाटते. अर्थात कायदा एका हाताने देतो आणि दुसऱ्या हाताने नियम लावतो. निवडणूक आली की परवानाधारकांना बंदुका ठाण्यात जमा करण्याचे हुकूम निघतात. महाराष्ट्रात विधानसभेचे मतदान २००९ मध्ये १३ ऑक्टोबरला झाले, २०१४ मध्ये १५ ऑक्टोबरला आणि २०१९ मध्ये २१ ऑक्टोबरला. ऑक्टोबर म्हणजे आमच्याकडे भात कापणीला आलेले. ज्या पंधरा-वीस दिवसांसाठी बंदूक ठेवायची, नेमक्या त्याच दिवसांत ती ठाण्यात. तात्या म्हणत, "डुकरांनाही आचारसंहिता लावा म्हणावं."

आठवीच्या वर्गात आम्ही १८५७ शिकवतो तेव्हा मुलांना काडतुसाचे प्रकरण नीट समजत नाही. गाईची आणि डुकराची चरबी, हिंदू आणि मुसलमान शिपायांचा संताप, एवढे ते पाठ करतात. पण काडतूस दाताने कशाला तोडायचे, असे एखादा विचारतोच. ज्याच्या घरी ठासणीची बंदूक आहे, त्यालाच याचे उत्तर चटकन देता येते. एन्फिल्ड रायफलही तोंडाकडून भरायची होती. तिचे काडतूस म्हणजे कागदाची पुडी. आत मोजून घातलेली दारू आणि गोळी. शिपायाचा एक हात बंदूक धरण्यात अडकलेला, दुसऱ्या हातात पुडी, मग ती फाडणार कशाने? दाताने. चरबी लावायची, कारण नळीला आतून आटे होते आणि गोळी त्यांतून सरकायला हवी. २४ एप्रिल १८५७ रोजी मेरठमध्ये तिसऱ्या घोडदळाच्या नव्वद स्वारांपैकी पंच्याऐंशी जणांनी काडतुसे घ्यायला नकार दिला. त्यांत हिंदूही होते आणि मुसलमानही. ९ मे रोजी सर्वांसमक्ष त्यांना बेड्या ठोकल्या आणि १० मे रोजी मेरठ पेटले.

या धड्यातून आम्हाला जे कळते ते परीक्षेत विचारत नाहीत. शिपायाने आजवर स्वतः न भरलेली पुडी विश्वासाने तोंडाला लावली होती. ती कोणी भरली, कशाने माखली, हे त्याला कोणी सांगितले नाही. नंतर साहेबांनी खुलासे केले, पुडी बोटांनी फाडायची मुभाही दिली, पण विश्वास उडून गेला होता. दारूगोळ्यात सर्वांत नाजूक वस्तू दारू नाही. भरणाऱ्यावरचा भरवसा अधिक नाजूक आहे.

भरवशाची गोष्ट निघाली की आमच्या समाजातली एक भीतीही सांगावी लागते. १९९३ मध्ये मुंबईत स्फोट झाले. त्यांचा माल रायगडच्या शेखाडी आणि दिघीच्या किनाऱ्यांवर उतरला होता. ज्यांनी ते केले त्यांनी केले. पण त्यानंतर कोकणातल्या मुसलमान मोहल्ल्यांत 'बंदूक' हा शब्द हळू आवाजात बोलला जाऊ लागला. आमचा जन्म त्या सुमाराचा. म्हणजे आम्ही तो शब्द हळू आवाजातच शिकलो. अब्बा मात्र दर नूतनीकरणाला इस्त्रीचा सदरा घालून, बंदूक कापडात गुंडाळून, दिवसाढवळ्या एसटीच्या थांब्यापर्यंत चालत जात. कोणी विचारले तर सांगत, "सरकारनं दिलेली चीज आहे, सरकारला दाखवायला चाललोय." त्यांच्या दृष्टीने परवाना हा कागद नव्हता. आपल्यावर कोणीतरी विश्वास ठेवल्याची ती नोंद होती.

त्यांच्या पश्चात घरात दोन तट पडले. चाचा म्हणाले, "बेटा, दिवस बरे नाहीत. नाव आपलं असं, त्यात तू मास्तर. बंदूक ठाण्यातच राहू दे, लिहून दे आणि मोकळा हो." मोठ्या भावानेही फोनवर तेच सांगितले. अम्मी म्हणाली, "मग वरचा तुकडा पड टाकायचा का? तुझ्या अब्बांनी तो दगड काढून केलाय." पत्नीचा मुद्दा वेगळाच होता. तिला समाजाची भीती नव्हती. ती म्हणाली, "घरात दोन मुलं आहेत. मला बंदुकीचं नाही, त्या पेटीचं भय वाटतं." आम्ही तिघांचेही ऐकले. पत्नीच्या मुद्द्याला मात्र आमच्याकडे उत्तर नव्हते.

ते उत्तर शोधायला मदत झाली ती केप टाऊनच्या मामूंची. कोकणी मुसलमानांची केप टाऊनला जुनी वस्ती आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांतली माणसे तिकडे गेली, दुकाने काढली आणि तिथलीच झाली. अम्मीच्या चुलत्यांचे घराणे त्यांतलेच. मामू २०२४ च्या जानेवारीत गाव पाहायला आले. त्यांच्या तोंडी जी कोकणी आहे ती आमच्या आजीच्या काळातली. मध्येच इंग्रजी येते आणि वैताग आला की आफ्रिकान्स. मामूंना निशाणेबाजीचा शौक आहे आणि ते काडतुसे स्वतः घरी भरतात. आम्हाला आधी खरे वाटेना. मग त्यांनी मोबाइलवर आपल्या गॅरेजातले टेबल दाखवले. कारखान्यासारखे नीटनेटके.

आजच्या काडतुसाचे चार भाग असतात. पितळेचे कवच, त्याच्या बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी, दारू आणि पुढे गोळी. बार उडाला की दारू जळते, गोळी जाते, टोपी निकामी होते, पण पितळेचे कवच उरते. सगळ्यांत महाग भाग तोच. तो पुसून, तडा गेला आहे का ते तपासून, साच्यातून काढून मूळ मापावर आणायचा आणि पुन्हा भरायचा. शौकीन लोक पैसे वाचवायला म्हणून सुरू करतात आणि पुढे त्यात रमतात. आपल्या बंदुकीला मानवेल तसा बार आपल्या हाताने तयार करायचा, ही त्यातली मौज. दक्षिण आफ्रिकेत २००० सालच्या कायद्याप्रमाणे परवानाधारकाला स्वतःच्या बंदुकीपुरते असे भरता येते. पण साध्या परवान्यावर एका बंदुकीमागे दोनशेच काडतुसे ठेवता येतात आणि टोप्यांच्या संख्येवरही मर्यादा आहे. बंदूक लोखंडी तिजोरीत ठेवणे बंधनकारक आहे. २०२१ मध्ये घरी भरण्यावर बंदी आणणारा एक मसुदा तिथे आला होता, त्याला शौकीन मंडळींनी मोठा विरोध केला. मामूही विरोध करणाऱ्यांत होते. आपल्याकडे दारूगोळा बनवायला शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे वेगळा परवाना लागतो, तेव्हा मामूंचे टेबल इथे मांडण्याचा प्रश्नच नव्हता. आम्हाला हवी होती ती त्यांची सामान निवडण्याची रीत.

"नवा माणूस दुकानात गेला की आधी प्रेस बघतो," मामू म्हणाले. प्रेस म्हणजे लांब दांड्याचे दाबयंत्र, ज्यात साचा बसवून कवचावर काम करतात. त्याचे दोन मुख्य प्रकार. एकात दांडा एकदा ओढला की एकच काम होते. शंभर कवचांना एक काम, मग साचा बदलून त्याच शंभरांना दुसरे काम. दुसऱ्या प्रकारात चक्र फिरते आणि प्रत्येक ओढीला एक तयार काडतूस बाहेर पडते. तासाला काही शेकडा निघतात. नव्या माणसाला हे दुसरे यंत्र भुरळ घालते. मामूंनी मात्र सुरुवात पहिल्याने केली आणि आजही तेच वापरतात. ते म्हणाले, "वेगाच्या यंत्रात एकाच वेळी पाच गोष्टी चालतात. पाचांवर डोळा ठेवायला पाच डोळे लागतात. मला अल्लाहनं दोनच दिलेत."

त्यांच्या मते पहिला पैसा काट्यावर घालवावा. दारू तोलायचा काटा चांगला हवा आणि तो बरोबर आहे का हे तपासायला प्रमाणित वजनेही हवीत. बॅटरीचा काटा पंख्याच्या वाऱ्यानेही हलतो आणि तापमान बदलले की सरकतो. जुना तराजूसारखा काटा हळू असतो, पण खोटे कमी बोलतो. दुसरा पैसा दारू बनवणाऱ्यांनी छापलेल्या मापांच्या पुस्तकावर. कोणत्या दारूचे, कोणत्या गोळीला, किती वजन, हे त्यात असते. मित्राने सांगितलेले माप कधी घ्यायचे नाही. तिसरा पैसा कॅलिपरवर आणि डोळ्यांच्या चष्म्यावर. त्यानंतर प्रेस. आणि एक गोष्ट फुकटाची. भरलेली कवचे लाकडी ठोकळ्याच्या भोकांत ओळीने उभी करायची आणि गोळी बसवण्याआधी बॅटरीचा झोत टाकून सगळ्यांत दारू सारख्या उंचीवर आहे का ते पाहायचे. कारण काही दारू इतकी थोडी लागते की चुकून दोनदा पडली तरी कवचात मावते. बाहेरून काही कळत नाही. बंदूक फुटते तेव्हाच कळते.

हे ऐकताना आम्हाला अब्बांचा गज दिसू लागला. त्यावरच्या दोन खुणा आणि मामूंचा बॅटरीचा झोत यांत फरक कसला? दोघांनीही ओळखले होते की आपला हात चुकणार आहे, आणि चूक आधी दिसेल अशी सोय दोघांनीही करून ठेवली होती. आम्ही मामूंना खुणांची गोष्ट सांगितली तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तुझ्या अब्बांना माझ्या क्लबात शिकवायला न्यायला हवं होतं."

जाण्याआधी त्यांनी एक ताकीद दिली, ती इथे मुद्दाम लिहितो. ठासणीच्या बंदुकीला फक्त काळी दारू चालते आणि ती भरतात मापाने. आजच्या काडतुसांतली बिनधुराची दारू वेगळी, फार जोराची, आणि ती भरतात तोलून. कोणी काडतूस फोडून त्यातली दारू ठासणीच्या नळीत घातली तर ती नळी तो दाब सोसणार नाही. दोन्ही दारू एका टेबलावर कधी ठेवू नयेत आणि मूळ डब्यातून काढून दुसऱ्या डब्यात तर मुळीच भरू नयेत. "चिठ्ठी नसलेली दारू ही दारू नाही, कजा आहे," असे त्यांचे शब्द होते.

मामू गेले आणि आमचे मन तयार होऊ लागले. तरी शेवटचा धक्का दिला तो वर्गातल्या पोरांनी. प्लास्टिकच्या पाइपात कार्बाइड घालून आवाज काढायचे एक जुगाड शेतकरी माकडे हाकलायला वापरतात. २०२५ च्या दिवाळीत हे जुगाड मध्य प्रदेशात खेळणे म्हणून रस्त्यावर विकले गेले आणि भोपाळ व आसपासच्या अनेक मुलांच्या डोळ्यांना इजा झाली. बार उडाला नाही म्हणून काही मुलांनी पाइपात डोकावून पाहिले होते. आमच्या नववीतली दोन पोरे तोच व्हिडिओ पाहून पाइप जमवत होती. का, तर शेतात माकडे येतात. आम्ही त्यांना रागावलो नाही. त्या दिवशी विज्ञानाच्या तासाला धडा बाजूला ठेवला आणि आयतुल कुर्सीची गोष्ट सांगितली. बार चुकला तर तोंड लांब धरून थांबायचे, डोकवायचे नाही. मग विचारले, "हा पाइप बनवणाऱ्यानं तुम्हाला थांबायला शिकवलं होतं का?" वर्ग शांत झाला.

त्या शांततेत आमचे आम्हालाच उत्तर मिळाले. डुकरे आणि माकडे येणारच. नियमातले साधन सोडले तर शेत मोकळे राहत नाही. तिथे बिननियमाचे साधन येते. जुगाडाचा पाइप येतो, गावठी बॉम्ब येतो, कुंपणात सोडलेली वीज येते. या सगळ्यांत माणसेही मरतात आणि जनावरेही. परवान्याची बंदूक निदान कोणाच्या तरी नावावर असते. तिचा जाब द्यायला एक माणूस असतो. आमच्या मजहबमध्येही शस्त्राचा अदब सांगितला आहे. थट्टेतसुद्धा ते भावाकडे रोखू नये, आणि मस्जिदीतून किंवा बाजारातून बाण न्यायचा तर त्याचे टोक हातात झाकून धरावे. शस्त्र नाकारलेले नाही. ते धरणाऱ्यावर जबाबदारी टाकली आहे.

म्हणून आम्ही अर्ज केला. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवानाधारकाच्या मृत्यूनंतर वारसाला अर्ज करता येतो. भावांची संमतीपत्रे मागवली. शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र लागते आणि शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमीही लिहून द्यावी लागते. चाचांना सांगितले तेव्हा त्यांनी डोक्याला हात लावला. आम्ही म्हणालो, "चाचा, भीतीपोटी अर्ज न करणं म्हणजे आपल्यावर विश्वास ठेवू नका असं आपणच लिहून देणं. नाकारायचं तर त्यांना नाकारू दे. आपण का नाकारायचं?" चाचांनी उत्तर दिले नाही. पण साक्षीदार लागेल तेव्हा बोलव, एवढे म्हणाले.

पत्नीबरोबर बसून सामानाची यादी केली. तिची अट अशी होती की यादी पूर्ण झाल्याशिवाय बंदूक घरात यायची नाही. यादीत सर्वांत वर भिंतीत बोल्टाने आवळलेले लोखंडी कपाट. मग डोळ्यांचा चष्मा आणि कानांत घालायचे बोळे, जे अब्बांनी कधी वापरले नाहीत आणि शेवटी त्यांना एका कानाने कमी ऐकू येई. शिंग रद्द केले, त्याला चीर गेली आहे. दारू दुकानदाराच्या मूळ डब्यातच राहील, चिठ्ठीसकट, आणि एका मोसमापुरतीच आणली जाईल. माप अब्बांचेच राहील, कारण ते त्या नळीचे ठरलेले माप आहे. बंदूक हातात आली की आधी जाणकार कारागिराकडून नळी तपासून घ्यायची. तो नको म्हणाला तर ती भिंतीवरही लावायची नाही, नियमाप्रमाणे परत करायची. आणि गज तोच, दोन खुणांचा.

यादीतला शेवटचा मुद्दा पत्नीने घातला. बंदूक एका कप्प्यात, दारू दुसऱ्या खोलीत आणि टोप्यांची डबी वेगळ्या कुलपात. टोपीशिवाय बार उडत नाही. त्या कुलपाची चावी ती स्वतःकडे ठेवणार. म्हणजे रात्री शेतावर जायचे तर आधी तिला उठवावे लागेल, आणि का जातोय हे सांगावे लागेल. आम्ही ही अट मान्य केली. अर्जाचा निकाल अजून आलेला नाही. या वर्षी वरच्या तुकड्यातली नाचणी अर्धी गेली. तात्यांच्या मुलाने डबा वाजवला, आम्ही बांधावर बॅटरी घेऊन फिरलो. कपाट मात्र आले आहे. त्याच्या दोन चाव्यांना तिने वेगवेगळ्या रंगाचे दोरे बांधून ठेवले आहेत.